गेम काढला तरी अँटी-चीट जात नाही, ‘सिक्योर बूट’ची तक्रार परत परत येते: घरात पीसी एकच असेल तर काय तपासायचं

अँटी-चीट म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी (चीट) पकडायला गेमबरोबर येणारा तपासनीस प्रोग्राम, आणि सिक्योर बूट म्हणजे पीसी सुरू होतानाची एक सुरक्षा-सेटिंग, जी काही गेम मागतात. या दोन्हींची तक्रार बहुतेक अशा घरांतून येते जिथे पीसी एकच आहे. दिवसा त्यावर टॅली, जीएसटीचं रिटर्न, नेटबँकिंग, आणि रात्री मुलाचा व्हॅलोरंट हा गेम. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत मी पीसीची कामं करतो. तिथे दोन गोष्टी आलटून पालटून कानावर येतात. एक: ‘गेम कधीच काढून टाकला, पण अँटी-चीटचा तो लाल आयकॉन अजून चालू होतो.’ दुसरी: ‘तुम्ही सिक्योर बूट चालू करून दिलं होतं ना, आज परत गेम म्हणतोय ते बंद आहे.’ आणि मी निघायला लागलो की घरातलं कुणी मोठं माणूस दारापाशी हळूच विचारतं: हे जे काही आहे, ते आमचं काय काय बघतं?

आधी याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पुढे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते त्यावरच ठरतं.

विंडोजमध्ये प्रोग्राम दोन पातळ्यांवर चालतात. ब्राउझर, टॅली, गेम हे वरच्या पातळीवर. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम), अँटीव्हायरसचा गाभा हे खाली, कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या मुळाशी. कर्नेलमधला ड्रायव्हर मशीनच्या मेमरीतलं काहीही वाचू शकतो. चीट बनवणाऱ्यांनी आपले ड्रायव्हर तिथे घुसवले आणि गेमची मेमरी वाचून भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवायला सुरुवात केली. वरच्या पातळीवरच्या तपासनीसाला हे दिसेना, म्हणून तपासनीसही खाली उतरला. हे कारण खरं आहे आणि मला ते पटतं. इमानदारीने खेळणाऱ्या पोराची रात्र एका चीटरमुळे वाया जाते, तेही मी पाहतो.

पण हा ड्रायव्हर प्रत्यक्षात काय वाचतो आणि कंपनीला काय पाठवतो, हे कंपनी सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. घरी बसून ते पडताळता येत नाही. त्यामुळे ‘हे हेरगिरी करतात’ असं मी कुणाला सांगत नाही आणि ‘अजिबात करत नाहीत’ असंही सांगत नाही. जिथे हमी देता येत नाही, तिथे मशीनची व्यवस्थाच अशी लावायची की हमीची गरज पडू नये. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कर्नेलपर्यंत न जाणारा साधा गेमही तुमच्याच विंडोज अकाउंटमधून चालत असेल, तर डॉक्युमेंट्समधल्या तुमच्या फाइली त्याला वाचता येतात. भीती फक्त अँटी-चीटची धरली तर अर्धीच गोष्ट लक्षात येते.

सगळी अँटी-चीट सारखी नसतात. व्हॅलोरंटबरोबर येणारं व्हॅनगार्ड २०२० पासून आहे, आणि मे २०२४ पासून ते लीग ऑफ लेजंड्सलाही लागलं. याचा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच जागा होतो, मग गेम उघडा की उघडू नका. फेसइट या गेम-स्पर्धांच्या सेवेचं अँटी-चीटही याच पद्धतीचं. ईझी अँटी-चीट, बॅटलआय, कॉल ऑफ ड्यूटीचं रिकोशे, बॅटलफील्ड ६ चं जॅव्हलिन हेही कर्नेलमध्ये जातात, पण गेम चालू असेपर्यंतच. काउंटर-स्ट्राइकचं व्हॅक वरच्याच पातळीवर राहतं. तरी २०१४ मध्ये ते खेळाडूंच्या मशीनमधली डीएनएसची नोंद (मशीनने कोणत्या साइटचे पत्ते शोधले ती यादी) तपासतं हे बाहेर आलं आणि गदारोळ झाला. तेव्हा काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूवेल यांनी खुलासा केला होता की तपासणी फक्त चीट विकणाऱ्यांच्या सर्व्हरचे पत्ते शोधण्यापुरती होती.

मशीनमध्ये आत्ता काय आहे ते बघा

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा. डावीकडे ‘सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंट’ आणि त्याखाली ‘सिस्टिम ड्रायव्हर्स’. उजवीकडे मोठी यादी येते. त्यात ‘स्टार्ट मोड’चा रकाना बघा. ‘मॅन्युअल’ म्हणजे कुणी बोलावलं तरच उठणारा, ‘बूट’ किंवा ‘सिस्टिम’ म्हणजे विंडोजबरोबर उठणारा. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर इथे व्ही-जी-के या तीन अक्षरांनी दिसतो, बॅटलआयचा बी-ई-डेझी या नावाने, ईझी अँटी-चीटचा आपल्या पूर्ण नावाने. शेजारच्या ‘स्टार्टेड’ रकान्यात ‘येस’ असेल तर तो या क्षणी चालू आहे. गेम काढलेल्या मशीनवरही यातलं एखादं नाव बऱ्याचदा सापडतं.

कारण साधं आहे. गेम आणि अँटी-चीट हे दोन वेगळे प्रोग्राम म्हणून बसतात. पोरगा स्टीममधून किंवा गेमच्या लाँचरमधून गेम उडवतो, डिस्कवर जागा मोकळी झालेली दिसते, सगळ्यांना वाटतं काम झालं. व्हॅनगार्ड काढायचं तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथे त्याचं नाव वेगळं शोधा, अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा. ‘वापरात आहे’ असं म्हणत अडून बसलं, तर आधी घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘एक्झिट’ द्या. नुसतं एक्झिट देणं म्हणजे काढणं नव्हे, पुढच्या रिस्टार्टला ते परत हजर. फेसइटही असंच अ‍ॅप्सच्या यादीतून जातं. बॅटलआयसाठी गेमच्या फोल्डरमध्ये बॅटलआय नावाचा फोल्डर असतो आणि त्यात अनइन्स्टॉलची बॅच फाइल असते. ती गेम काढायच्या आधी चालवायची, नाहीतर फोल्डरबरोबर तीही जाते आणि सर्व्हिस मागे राहते. ईए-च्या, म्हणजे बॅटलफील्डवाल्या कंपनीच्या, अँटी-चीटचा इन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्समधल्या ईए फोल्डरमध्ये असतो. तो उघडला की कोणत्या गेमसाठी बसलंय ती यादी आणि काढायचं बटण दिसतं. नंतर यादी परत बघा. नाव गेलं असेल तरच ते गेलं.

सिक्योर बूटची तक्रार परत का येते

विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्योर बूट दोन्ही चालू लागतात. नसतील तर व्हॅन ९००१ किंवा व्हॅन ९००३ असा एरर येतो. बॅटलफील्ड ६ ला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या कॉल ऑफ ड्यूटीच्या ब्लॅक ऑप्स ७ लाही दोन्ही लागतात. पुष्कळ पालकांना वाटतं की हे चालू करणं म्हणजे गेम कंपनीला आणखी आत घेणं. तसं नाही. सिक्योर बूट म्हणजे मशीन सुरू होताना मान्यतेची डिजिटल सही नसलेला प्रोग्राम मधे घुसू नये म्हणून असलेली अट, आणि टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची चिप. उद्या गेम काढलात तरी ही दोन्ही चालू राहू द्या, कारण तुमच्या टॅलीचंही रक्षण त्यांनी होतं. टीपीएमबाबत एकच गोष्ट माहीत असू द्या: प्रत्येक चिपची स्वतःची ओळख असते, आणि बंदी घातलेलं मशीन ओळखायला अँटी-चीट मदरबोर्ड, डिस्क यांच्याबरोबर तीही वापरू शकतं.

आता मुद्दा हा की एकदा चालू केलेलं परत बंद कसं होतं. रामबागेत एक काका आहेत, कर सल्लागार. त्यांच्याकडे हा प्रकार पुन्हा पुन्हा होत होता, आणि त्यात एक वेगळीच भर होती: सकाळी बँकेची साइट उघडली की ब्राउझर म्हणे कनेक्शन खासगी नाही, पुढे जाऊ नका. काका घाबरलेले. ‘अरे, तो गेमवाला मधे बसून आमचं वाचतोय का? मुलाला सांगितलं, काढ म्हणून, पण त्याचं म्हणणं असं की गेम तर उघडतच नाहीये.’ मी म्हटलं, ‘काका, आधी ते घड्याळ बघा.’ स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती कितीतरी वर्षांपूर्वीची.

काका शिस्तीचे, रात्री झोपताना पीसीचा भिंतीवरचा स्विच बंद करणारे. त्यांच्या जुन्या मदरबोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी, तीच ती नाण्याएवढी, संपलेली होती. भिंतीतून वीज येत असते तोवर बोर्ड आपली सेटिंग्ज आणि घड्याळ त्यावर सांभाळतो. स्विच बंद झाला की सगळा भार बॅटरीवर, आणि ती मेलेली असेल तर बऱ्याच बोर्डांवर बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, मूळ सेटिंगला परत जातं. काकांच्या बोर्डावर मूळ सेटिंग म्हणजे सिक्योर बूट बंद, टीपीएम बंद. म्हणून गेम अडे. तारीख मागे गेली की बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटे, म्हणून तो इशारा. नेट जोडल्यावर विंडोज कधी वेळ सुधारून घेई, कधी नाही, त्यामुळे हे रोज न होता अधूनमधून होई आणि संशय आणखी वाढे. टीपीएम बंद झाल्याने विंडोजचा पिनही ‘उपलब्ध नाही’ म्हणायचा. चार वेगळी लक्षणं, मूळ एक. बॅटरी बदलली, बायॉसमध्ये जाऊन तारीख, टीपीएम आणि सिक्योर बूट लावलं, सेव्ह केलं. काकांना मी मुद्दाम तेच पान परत उघडून दाखवलं, कारण त्यांच्या मनातली भीती एररपेक्षा मोठी होती.

तेव्हा तक्रार परत परत येत असेल तर पहिल्यांदा घड्याळ बघा.

बॅटरी ठीक असेल तर दुसरं कारण बायॉस अपडेट. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळावर जातात, ती परत लावावी लागतात. एएमडीच्या मशीनवर अपडेटनंतर काळ्या स्क्रीनवर विचारलं जातं: एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करू का, वाय की एन? डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर वाय दाबू नका. त्या एका अक्षराने घरातले सगळे हिशेब कुलपात जातात. ही की ४८ आकडी असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने विंडोज लावलं असेल तर ती बहुधा त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. बायॉसला हात लावायच्या आधी फोनवरून तिथे लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या. लिहून घ्या म्हटलं की लोक ‘हो हो’ म्हणतात आणि घेत नाहीत, म्हणून मी समोर बसून लिहवून घेतो.

तिसरं कारण जुन्या पद्धतीने टाकलेली विंडोज. ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’च्या पहिल्याच पानावर ‘बायॉस मोड’पुढे ‘लेगसी’ दिसत असेल, तर सिक्योर बूट चालू होणारच नाही. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असताना बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद केलं की मशीन उठत नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की उठतं. डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करायला मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन विंडोजमध्येच आहे, पण आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. बॅकअपशिवाय मी कुणाच्याही मशीनवर हे करत नाही.

हे उपाय करू नका

यूट्यूबवर सांगतात: मेमरी इंटिग्रिटी बंद करा, एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतील. कर्नेलमध्ये बिनभरवशाचा कोड चालू न देणारं ते सेटिंग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे असतं. का बंद करू नये ते एका घटनेवरून कळेल. गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या अँटी-चीटचा सही केलेला ड्रायव्हर होता. ट्रेंड मायक्रोने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवून दिलं की खंडणीखोर रॅन्समवेअरवाल्यांनी तो स्वतःच सोबत आणला, त्याच्या जोरावर अँटीव्हायरस बंद पाडला आणि मग फाइली कुलूपबंद केल्या. त्या मशीनवर गेन्शिन असायचीही गरज नव्हती. म्हणजे तुम्ही गेम काढलात, ड्रायव्हर काढलात, तरी दुसरा कुणी तोच ड्रायव्हर घेऊन येऊ शकतो. असे ड्रायव्हर ओळखून अडवायला विंडोजची यादी आहे, ती याच कोअर आयसोलेशनच्या पानावर ‘व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट’ म्हणून दिसते. दोन्ही चालू ठेवा. मेमरी इंटिग्रिटी चालू होत नसेल तर विंडोज अडणाऱ्या ड्रायव्हरांची नावं तिथेच दाखवतं. बहुतेक वेळा एखाद्या जुन्या प्रिंटरचा किंवा कधीच्या काळी काढलेल्या गेमचा उरलेला ड्रायव्हर निघतो.

असे घोटाळे जुनेच आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ च्या अपडेटबरोबर आलेल्या ड्रायव्हरने कुठल्याही प्रोग्रामला कर्नेलमध्ये कोड चालवायची वाट उघडून दिली होती. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमला तो मागे घ्यावा लागला. २०१३ मध्ये ईएसईए या स्पर्धा-सेवेच्या अँटी-चीटमधून खेळाडूंच्या मशीनवर चोरून बिटकॉइन खणलं गेलं, आणि न्यू जर्सी राज्याशी कंपनीला दहा लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. तिथे खेळाडूंच्या लक्षात आलं ते ग्राफिक्स कार्ड उगाच तापायला लागल्यामुळे. म्हणून गेम बंद असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या वापराचा, आकडा एकदा बघून ठेवावा. आणि वाईट हेतू नसला तरी कर्नेलमधली चूक महाग पडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या होत्या, आणि ते तर सुरक्षेचं सॉफ्टवेअर. तुमच्या पीसीवर एररची निळी (नव्या विंडोज ११ वर काळी) स्क्रीन आली तर ‘व्हॉट फेल्ड’पुढे जे फाइलचं नाव येतं त्याचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो.

दुसरा घातक सल्ला: विंडोज ११ वर अडतंय ना, मग १० टाका. जुन्या मशीनवर व्हॅलोरंट त्याने चालेलही. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर जीएसटीचा पासवर्ड टाइप होतो, त्यावर गेमसाठी मागे जाणं मला मान्य नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे स्पूफर, मशीनची ओळख बदलणारा प्रोग्राम. याची सुरुवात पुष्कळदा निरागस असते. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून जुना मदरबोर्ड घेतला, घरी आणून जोडला, आणि पहिल्याच दिवशी व्हॅन १५२. हा एरर हार्डवेअरवरच्या बंदीचा आहे. आधीच्या मालकाने चीट वापरलं, भोगतोय नवा मालक. मग कुणी सुचवतं की ओळख बदलणारा प्रोग्राम टाक. तो प्रोग्राम सांगतो डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) बंद कर, सिक्योर बूट बंद कर, आणि स्वतःचा अनोळखी ड्रायव्हर कर्नेलमध्ये बसवतो. ज्या नावाजलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरची काळजी होती, त्याच्या जागी आता बिननावाच्या माणसाचा ड्रायव्हर आला. फुकट चीट आणि क्रॅकच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवले जातात. कॅस्परस्कीने सप्टेंबर २०२२ मध्ये दाखवलं होतं की रेडलाइन हा चोर यूट्यूबवरच्या गेमर व्हिडिओंच्या लिंकमधून कसा फिरत होता. बंदी तुमची नसेल तर गेमच्या सपोर्टला बिलाच्या फोटोसकट तिकीट टाका. आणि जुना बोर्ड घेताना दुकानातच गेम लाँच करून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर घेऊ नका.

पीसी एकच असेल तर मांडणी

मुलासाठी वेगळं विंडोज अकाउंट करा, तेही अ‍ॅडमिन नसलेलं. यामुळे साधे गेम आणि चुकून आलेले प्रोग्राम वडिलांच्या फाइलींपर्यंत जात नाहीत. कर्नेलमधल्या ड्रायव्हरला मात्र ही भिंत थांबवत नाही, हे विसरू नका. त्यासाठी दुसऱ्या डिस्कवर गेमची वेगळी विंडोज टाका आणि कामाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करा. गेमच्या विंडोजमधून ती उघडू नका आणि तिची की तिथे कधी टाइप करू नका, मग तिथल्या ड्रायव्हरला आत गिचमिडच दिसते. हे जमत नसेल तर टॅलीसाठी एखादा साधा जुना लॅपटॉप काढा, त्यावर विंडोज ११ चालत असेल तर. टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मला विचाराल तर हाच सगळ्यात चांगला मार्ग.

डिजिटल सहीचं टोकन लावून ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे. टोकनमधली किल्ली बाहेर येत नाही, पण पिन कीबोर्डवरूनच जातो, आणि पिन कळला नि टोकन लावलेलं असलं की सही करता येते. रिटर्न भरून झालं की ते काढून कपाटात ठेवा.

मुलं लहान असतील तर एवढं माहीत असू द्या: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा तो बालक, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तोवर गेमच्या अकाउंटला वडिलांचा बँकेशी जोडलेला ईमेल देऊ नका, वेगळा काढा.

स्पूफर किंवा फुकट चीट आधीच चालवून झालं असेल, तर ते नुसतं अनइन्स्टॉल करून भागणार नाही. नेट काढा, कामाच्या फाइली तेवढ्या उतरवून घ्या, विंडोज नव्याने टाका. पासवर्ड फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळीकडून लॉगआउट’ दाबा, कारण चोरलेल्या सेशनला, म्हणजे आधीच चालू असलेल्या लॉगिनला, पासवर्ड लागत नाही. त्याच मशीनवर बसून बदललेत तर नवे पासवर्डही त्याच वाटेने जातील. खात्यातून पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० वर फोन करा, मग बँकेला.